डॅश, प्लस आणि आत्याच्या ओव्या

केदारखेड्यात डीव्हीडीला डीव्हीडी असे फारसे कोणी म्हटले नाही. लग्नाचे चित्रीकरण व्हीएचएसवर मिळत होते तेव्हा ती ‘कॅसेट’ होती; पुढे ते व्हीसीडीच्या दोन-तीन तबकड्यांवर मिळू लागले, नंतर एकाच डीव्हीडीवर; पण ‘लग्नाची कॅसेट आली का?’ हा प्रश्न होता तसाच राहिला. वस्तू बदलते आणि नाव टिकून राहते, याचे उदाहरण म्हणून भाषाविज्ञानाच्या तासाला मी हे अनेकदा दिले आहे. विद्यार्थी हसतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशी एखादी ‘कॅसेट’ कपाटात पडून असते आणि ती लावून पाहण्याचे साधन मात्र घरात उरलेले नसते.

जालन्याहून भोकरदनला जाताना राजूरचा गणपती मागे टाकला, की पूर्णेच्या काठी केदारखेडा लागते. ते माझे माहेर. मी एम.ए. होऊन नुकतीच तासिका तत्त्वावर शिकवू लागले होते, त्या २००५-०६ च्या सुमारास आमच्या भागात लग्नांचे शूटिंग करणारा एक तरुण होता. त्याच्या टेबलावर कोऱ्या तबकड्यांचे दोन डबे असत, पन्नास-पन्नासचे. एकावर निळ्या पेनाने ‘–’ आणि दुसऱ्यावर ‘+’ असे लिहिलेले. गिऱ्हाईक तबकडी न्यायला आले की तो आधी विचारी, “घरी प्लेअर कोणता हाये?” उत्तर ऐकून एक लांबट वही उघडी. वहीत गावे, आडनावे, प्लेअरचे नाव (बहुतेकदा अशुद्ध लिहिलेले) आणि त्यापुढे एक चिन्ह: अधिक, उणे, किंवा दोन्हींवर काट. “पत्रिका जुळवावी लागते, ताई,” असे तो मला एकदा म्हणाला होता. लग्नाचाच व्यवसाय असल्यामुळे त्याला हा शब्द सुचला असावा, पण तो चपखल होता.

वाचकाचा विचार केल्याशिवाय संहितेचा विचार पुरा होत नाही, असे आपण वर्गात शिकवतो. त्यासाठी परदेशी समीक्षकांची नावे फळ्यावर लिहितो. या तरुणाने ती नावे कधी ऐकली नव्हती; त्याची वही मात्र वाचकांच्या क्षमतेची नोंदवहीच होती. कोणते यंत्र काय वाचू शकते आणि कशापाशी अडते, हे त्याने वारंवार पदरमोड करून शोधून काढले होते. बिघडलेली प्रत बदलून द्यावी लागे, तिचे पैसे मागता येत नसत.

हा अधिक-उण्याचा घोळ आला कुठून, हे साहित्याच्या वाचकांनीही समजून घेण्यासारखे आहे, कारण तो मुळात लेखन-वाचनाचाच घोळ आहे. १९९५ मध्ये मोठ्या कंपन्यांचे दोन गट आपापली वेगळी तबकडी बाजारात आणण्याच्या तयारीत होते. संगणक उद्योगाच्या दबावामुळे त्यांनी तडजोड केली आणि एकच डीव्हीडी ठरली. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात पहिले प्लेअर विकायला आले. ही झाली छापील तबकडी: मूळ साच्यावरून ठोकून काढलेली, पुस्तकाच्या आवृत्तीसारखी. पण घरी, दुकानात, आपल्या हाताने लिहिण्याची तबकडी कशी असावी याबद्दल पुन्हा फाटाफूट झाली. पायोनियरने १९९७ मध्ये ‘डीव्हीडी डॅश आर’ आणली. पुढे १९९९ मध्ये पुसून पुन्हा लिहिता येणारी ‘डॅश आरडब्ल्यू’ आली. त्याच काळात फिलिप्स, सोनी, एचपी, रिको, यामाहा, मित्सुबिशी यांनी वेगळी चूल मांडली आणि २००१-०२ मध्ये ‘प्लस आरडब्ल्यू’ आणि ‘प्लस आर’ बाजारात उतरवल्या. ‘डीव्हीडी फोरम’ या अधिकृत मंडळाने प्लसवाल्यांना आपले मानले नाही. (‘रॅम’ नावाचा तिसरा पंथही होता, आमच्याकडे तो कोणी पाहिला नाही.) डॅशवाले आपल्या चिन्हाला ‘मायनस’ म्हणू देत नसत, कारण उणे म्हटले की काहीतरी कमी असल्यासारखे वाटते. आमच्या शूटिंगवाल्याने त्यांचे ऐकले नाही. तो मायनसच म्हणे.

छापील तबकडीत खरोखरचे सूक्ष्म खळगे असतात. लेझरचा किरण त्यांवरून फिरतो आणि परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतार म्हणजे अक्षरे. हाताने लिहिण्याच्या तबकडीत खळगे नसतात, रंगद्रव्याचा एक थर असतो. लिहिणारा लेझर त्या थराला जागोजागी भाजतो, भाजलेली जागा प्रकाश कमी परत पाठवते आणि वाचणाऱ्या यंत्राला तिथे खळगा असल्याचा भास होतो. भासावर चाललेला कारभार आहे हा. पुसून लिहिण्याच्या तबकडीत तर रंगद्रव्यही नसते. एक मिश्रधातू कधी स्फटिकरूप, कधी विस्कळीत होतो, तेवढाच फरक. छापील एकथरी तबकडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते, ही केवळ १८ ते ३० टक्के. जुन्या प्लेअरला एवढा मंद प्रकाश दिसला की ही दोन थरांची तबकडी असावी असे वाटे. तो नसलेला दुसरा थर शोधत बसे आणि शेवटी ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा होई.

डॅश आणि प्लस यांतला भेद मात्र अक्षरांत नव्हता. तो होता कोऱ्या पानावर आधीच मारलेल्या रेघोट्यांत. लिहिणाऱ्या लेझरला आपण कुठे आहोत हे कळावे म्हणून कोऱ्या तबकडीवर एक सर्पिल चर असतो. डॅशमध्ये पत्ता सांगणाऱ्या खुणा दोन चरांमधल्या कडेवर टोचलेल्या असतात. प्लसमध्ये चरच किंचित नागमोडी करून त्या वळणांत पत्ता गुंफलेला असतो. एकदा मजकूर लिहून झाला की वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही पाने जवळजवळ सारखीच. तरीही प्लेअर प्लसला नाकारत, आणि त्याचे कारण मला फार विलक्षण वाटते. प्रत्येक तबकडीच्या आरंभी ‘मी अमुक प्रकारची’ अशी नोंद असते. तिला ‘बुक टाइप’ म्हणतात. २००२ पूर्वी बनलेल्या पुष्कळ प्लेअरांना प्लस आर हे नावच शिकवलेले नव्हते. पुढचा सगळा मजकूर त्यांना वाचता आला असता, पण मुखपृष्ठावरचे नाव अनोळखी असल्यामुळे ते ग्रंथ उघडतच नसत! आपल्या अभ्यासमंडळांची आठवण व्हावी अशी ही गोष्ट आहे. असो.

प्लसवाल्यांनी यावर तोडही काढली. त्यांच्या तबकडीवर लिहिताना ती ओळख बदलता येई. ‘मी प्लस आर’ याऐवजी ‘मी छापील डीव्हीडी’ असे लिहिता येई. डॅशच्या तबकडीवर ती नोंद कारखान्यातूनच कोरून येत असल्यामुळे तिला ही सोय नव्हती. आमच्या शूटिंगवाल्याला औरंगाबादच्या कोणा दुकानदाराने ही युक्ती सांगितली, तेव्हापासून त्याच्या वहीत तिसरे चिन्ह आले: वर्तुळातला अधिक. म्हणजे खोट्या नावाने पाठवलेली तबकडी.

२००२ च्या अखेरीस सोनीने दोन्ही प्रकार लिहिणारा ड्राइव्ह बाजारात आणला आणि दोन-तीन वर्षांत असे ड्राइव्ह सर्वत्र झाले. या विषयावरचे लेखन बहुधा इथे थांबते. भांडण मिटले, सगळे सुखाने नांदू लागले. मला हे पटत नाही. दोन्ही बोली शिकली ती लेखणी. नवी लेखणी विकण्यात फायदा होता, म्हणून ती लवकर शिकली. वाचणारी यंत्रे ज्यांच्या घरी आधीच जाऊन बसली होती, त्यांचे काय? मुंबई-पुण्यातल्या माणसाने दोन वर्षांनी प्लेअर बदलला असेल. आमच्याकडे प्लेअर कापसाचे पैसे आले की घेतला जाई, तोही एकदाच. पुढे तो बिघडला तर जालन्याच्या दुकानात नेऊन भिंगावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, नाहीतर आतला बारीकसा स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवून घ्यायची, म्हणजे तो आणखी सहा महिने चाले आणि मग कायमचा आंधळा होई. २००५ ते २००८ या काळात ग्रामीण भागात बारा-बारा तासांपर्यंत भारनियमन असे. तबकडी लिहिता लिहिता वीज गेली की ती तबकडी वाया. अशा वाया गेलेल्या तबकड्या मक्याच्या आणि ज्वारीच्या शेतात दोरीला टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. उन्हात त्या लखलखल्या की पाखरे बिचकत.

मोझर बेअरने २००७ च्या सुमारास चित्रपटांच्या डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला होता. पण त्या छापील तबकड्या होत्या. त्या सगळीकडे चालत. (२०१८ मध्ये त्या कंपनीच्या विसर्जनाचा आदेश झाला, तोवर तबकड्यांचा बाजारच उरला नव्हता.) म्हणजे जे हजारोंच्या संख्येने ठोकून काढले ते कोणत्याही डब्यात वाजत होते, आणि ज्याची जगात एकच प्रत होती त्यालाच वाचक शोधत हिंडावे लागत होते. छापील पुस्तक आणि हस्तलिखित पोथी यांच्यातले अंतर मला कोणत्याही ग्रंथसूचीने इतके नेमके दाखवले नव्हते.

पोथीचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट सांगायला हवी. महानुभावांचे ‘जाळीचा देव’ हे तीर्थस्थान आमच्याच भोकरदन तालुक्यात आहे. लहानपणी तिथे जाताना आमच्यापैकी कोणाला सकळ लिपी माहीत नव्हती. ती मला एम.ए.च्या वर्गात भेटली. चौदाव्या शतकात पंथातल्या पंडितांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला आरंभ केला. सकळ, सुंदरी अशा त्या लिप्या. भाषा मराठीच, तीही अशी की दळणकांडण करणाऱ्या बाईला कळावी. पण अक्षरांची अदलाबदल केलेली. परिणाम असा, की मराठीतले आद्य गद्य काही शतके मराठी वाचकाच्या नजरेसमोर असूनही त्याला दिसले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदींच्या खटपटीने त्या लिपीची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांच्या हाती आली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे नव्याने लिहावी लागली.

डॅश-प्लसच्या भांडणाला सकळ लिपीची उपमा देण्याचा मोह मला पहिल्यांदा झाला तेव्हा ती फार जुळते आहे असे वाटले होते. पुढे तिच्यातली खोट दिसू लागली. महानुभावांना ग्रंथ झाकायचे होते. अशुद्ध हातांत पडून पाठ बिघडू नये ही त्यांची काळजी होती आणि त्या काळजीपोटी पंथात किल्ली जपली गेली, पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. तबकडीवाल्यांना काहीच झाकायचे नव्हते. त्यांना स्वामित्वशुल्क हवे होते. त्यामुळे किल्ली जपण्याची जबाबदारीही कोणाची नव्हती. उपमा उपयोगी आहे ती दुसऱ्या ठिकाणी, आणि तिकडे मी थोड्या वेळाने येते.

मे २००७ मध्ये माझ्या चुलतभावाचे लग्न केदारखेड्यात झाले. हळदीच्या आदल्या दिवशी जात्याला हळदीकुंकू लावून सवाष्णींनी हळद दळली आणि माझी आत्या जात्याशी बसून चाळीसेक मिनिटे ओव्या गायली. राजूरजवळच्या वस्तीवर तिचे घर. अक्षरओळख नाही. ओव्यांचे म्हणाल तर जात्याचा खुंटा हाती आल्याशिवाय तिला त्या आठवत नसत. नुसते ‘आत्या, म्हण’ म्हटले की ती लाजून उठून जाई. गिरणी आल्यापासून जाते फिरायचे ते अशा लग्नातच. त्या दिवशी कॅमेरा चालू होता हे तिच्या ध्यानातच नव्हते.

त्या चाळीस मिनिटांचे पुढे काय झाले ते पाहा. लग्नाचे शूटिंग त्या काळी छोट्या डीव्ही टेपवर होई, टेप संगणकात उतरवून संपादन होई, आणि टेप महाग म्हणून तिच्यावर लगेच दुसरे लग्न चढे. संपादन करणारा औरंगाबादचा होता. त्याने रिवाजाप्रमाणे हळदीच्या चित्रांखालचा मूळ आवाज काढून टाकून तिथे हिंदी सिनेमाची गाणी लावली. आत्याचे ओठ हलताना दिसतात, जाते फिरताना दिसते, आणि ऐकू येते ते भलतेच. स्वरूपभेदाने जे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट नुकसान हा रिवाज करून गेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठवाड्यातल्या हजारो घरांतल्या तबकड्यांत बायका मुक्याने गात आहेत. तबकडीत जागा उरली म्हणून त्याने शेवटी चौदा मिनिटांचा कच्चा भाग तसाच जोडून दिला, बहुधा घाईत. आत्याचा आवाज उरला तो तेवढाच.

या ‘शेवटी’ शब्दाला तबकडीच्या भूगोलात अर्थ आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. आरंभ मध्याजवळ, अखेर कडेवर. आणि स्वस्त तबकडीची कड हा तिचा सर्वांत दुबळा भाग. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा दोन चकत्या चिकटवून ती बनते, चिकटण्यात उणीव राहते ती कडेला, बोटे लागतात ती कडेला, लिहिण्याचा वेग वाढून चुका वाढतात त्याही कडेकडेला. व्याहीभोजन, मानपान, पुढाऱ्यांचे सत्कार मध्याजवळ सुरक्षित बसले. ओव्या कडेला गेल्या.

तीन तबकड्या निघाल्या. नवरीच्या माहेरची चालली. आमची चालली. आत्याची प्लस होती आणि तिचा प्लेअर प्लस वाचत नव्हता. वहीत तिच्या घराची नोंद नव्हती, कारण तिच्या वस्तीवर तोवर कोणाच्या लग्नाचे शूटिंगच झालेले नव्हते. ‘नो डिस्क’ ही अक्षरे तिला वाचता येत नव्हती, नातवाने सांगितली. ती मला म्हणाली, “मला बी वाचता येत न्हाई अन् माझ्या डब्यालाबी.” मग आमच्या तबकडीवरून डॅशवर एक प्रत मारून दिली. ती तिच्या डब्यात दीड तास चालली आणि पंगतीत थबकली. वाढप्याच्या हातातला डाव हवेत, तिथेच. त्यापुढे चित्र सरकले नाही. टेपवर एव्हाना दुसऱ्या गावचे लग्न होते. आत्या माहेरी आली तेव्हा दोनदा वीज नव्हती. तिसऱ्यांदा आली ती माझ्या वडिलांच्या दुखण्यात, तेव्हा कॅसेटचे कोणाला सुचणार होते? पुढे आमचाही प्लेअर गेला. आत्या २०१६ मध्ये वारली. स्वतःच्या ओव्या तिने ऐकल्या नाहीत.

हे मी दुःख म्हणून सांगत नाही. तिला त्याचे फारसे दुःख नव्हतेही. ओवी ऐकायची नसते, म्हणायची असते, असेच तिचे मत होते. गरज मला होती. लोकसाहित्याची मी विद्यार्थिनी. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, पुढे सरोजिनी बाबरांनी खंडामागून खंड काढले, तो सगळा ठेवा कागदावरचा, आणि कागदाला प्लेअर लागत नाही. पण कागदावर आवाज नाही, जात्याची घरघर नाही, कुठे दम घेतला ते नाही. पुण्याच्या गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या आणि त्यांतल्या काही हजार बर्नार बेल यांच्या मदतीने डॅट टेपवर ध्वनिमुद्रितही केल्या. सोनीने २००५ मध्ये डॅटची यंत्रे बनवणेच थांबवले. तरी ते ध्वनिमुद्रण वाचले, कारण ते वेळच्या वेळी एका वाहनातून दुसऱ्या वाहनात उतरवले गेले. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ओव्या कोणालाही ऐकता येतात. तिथे कोणीतरी हे काम आपले मानले होते. केदारखेड्याच्या लग्नाच्या कॅसेटचे तसे पालकत्व कोणाकडे असणार?

मागच्या वर्षी आमच्या घरची तबकडी ट्रंकेतून निघाली. पत्र्याच्या खोलीतले सतरा-अठरा उन्हाळे तिने काढले होते. रंगद्रव्याला ऊन आणि उष्णता सोसत नाही. मागची जांभळट छटा एका बाजूला फिकटली होती. महाविद्यालयाच्या संगणक कक्षातल्या तिन्ही जुन्या संगणकांत ती लावून पाहिली. एकाने नाकारली, दुसऱ्याने नुसतीच घरघर केली, तिसऱ्याने यादी दाखवली आणि शेवटच्या फाइलपाशी अडला. त्या विभागातल्या सहकाऱ्याने मग ‘डीडीरेस्क्यू’ नावाची आज्ञावली चालवली. तिची रीत मला आवडली: जे सहज वाचता येते ते आधी उचलायचे, अडते ते सोडून पुढे जायचे, आणि मग सोडलेल्या जागांपाशी पुन्हा पुन्हा, कमी वेगाने परत यायचे. दुर्बोध पोथी वाचणारा अभ्यासक असेच करतो. तबकडीवर मजकूर बत्तीस-बत्तीस किलोबाइटांच्या गटांत असतो आणि प्रत्येक गटात चुका सुधारण्यापुरती जादा माहिती भरलेली असते. चुका मर्यादेपलीकडे गेल्या की मात्र तो गट पूर्ण जातो. दोन रात्री यंत्र चालू होते. चौदा मिनिटांपैकी नऊ मिनिटांहून थोडा अधिक भाग हाती आला, तोही मधूनमधून तुटलेला.

चित्र ठिकठिकाणी चौकोन-चौकोन होऊन विरघळते. आवाज मात्र बरा आहे. जाते आहे, बांगड्या आहेत, मागे कुत्रे भुंकते आहे, आणि आत्या आहे.

एम.ए.च्या चार विद्यार्थ्यांबरोबर मी त्या ओव्या लिहून काढायला बसले. पहिला चरण स्वच्छ आणि दुसऱ्याच्या मध्यात खळगा, असे वारंवार होई. लिहिताना आम्ही गाळलेल्या जागा टिंबांनी दाखवल्या. मग त्या घेऊन केदारखेड्यात आत्याच्या बरोबरीच्या एका बाईंकडे गेलो. त्या दिवशी जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला त्याच होत्या. वय ऐंशीच्या घरात, कान शाबूत. आम्ही मोबाइलवर आवाज ऐकवला. तो तुटला, की त्या न थांबता पुढचे म्हणत. मोबाइल गप्प, बाई चालू. बाविसातल्या एकोणीस जागा त्यांनी अशा भरून काढल्या.

सकळ लिपीची उपमा मी राखून ठेवली होती ती खरे तर इथल्यासाठी, लिपीसाठी नव्हे. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली असे परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणींतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, आणि त्यांत हिराइसा या बाईंचे नाव आदराने घेतले जाते. त्या पुनर्लेखनातून पाठ अनेक झाले. कोणता मूळचा, यावर आपले विद्वान आजही वाद घालतात. वर्गात हा भाग शिकवताना मी त्याला ‘पाठनिश्चितीची समस्या’ असे कोरडे नाव देत असे.

आता ती समस्या माझ्या टेबलावर आहे. त्या एकोणीस जागा चौकटी कंसात घालाव्यात आणि खाली टीप द्यावी, असे दोन विद्यार्थ्यांचे म्हणणे. तिसरी म्हणते, कंस कशाला? ओवी एकीची नसतेच, दोन खुंट्यांना दोघी असतात. मला तिचे म्हणणे पटते आणि प्रबंधाच्या शिस्तीला ते चालणार नाही हेही दिसते. चौथ्याने विचारले, की बाईंनी सांगितलेल्या चरणात आत्याच्या भावाचे नाव होते तिथे बाईंच्या भावाचे नाव आले आहे, ते आपण बदलायचे का. त्यावर आम्ही एक पूर्ण तास बोललो.

पुन्हा खात्री करून घ्यायला गेल्या महिन्यात बाईंकडे गेलो. या वेळी त्यांना सगळे सलग ऐकवले. तुटलेल्या जागांबद्दल त्यांना काहीच वाटले नाही. जिथे आवाज अगदी स्वच्छ आहे, एकही खळगा नाही, अशा एका ओवीपाशी मात्र त्यांनी हात वर करून मोबाइल थांबवायला लावला. म्हणाल्या, “हे चुकलं. ती असं म्हनतच नव्हती. तुमच्या कॅसेटीनं मधीच काहीतरी घातलं.”

आम्ही तो चरण तीनदा ऐकवला. आवाज आत्याचाच आहे. बाई मानायला तयार नाहीत. तूर्त दोन्ही पाठ लिहून ठेवले आहेत. कोणता वर आणि कोणता तळटिपेत, ते अजून ठरायचे आहे.